टेप उघडणार!

३ मार्च, मंगळवार

पास झाला! कायदा पास झाला!

रेडिओवर बातमी लागली तेव्हा मी पुलावर होते. बोटीला वाट द्यायला पूल अर्धा बाजूला फिरवलेला, मधून कोळंबीचा ट्रॉलर चाललेला. ट्रॉलरवरच्याला वाटलं असेल, बाईला झटका आला. मी केबिनमध्ये एकटीच नाचत होते! ट्रॉलर जाऊ दिला, पूल नीट जागेवर आणला, फाटक उघडलं आणि मग दुसऱ्यांदा नाचले. शिस्त म्हणजे शिस्त. बेशिस्तीचाच तर ठपका आहे ना माझ्यावर.

आता सरकारी नोकराचं प्रकरण ग्रँड ज्युरीसमोर गेलं, की त्या बंद खोलीत कोण काय बोललं ते सगळं टेप होणार आणि लोकांना ऐकता येणार. जुन्या प्रकरणांचंही तेच — ज्याची चौकशी झाली त्याने स्वतः मागितलं, तर जुनी टेपसुद्धा उघडणार. आमच्या परगण्यात टेप पूर्वीपासून करतात. करतात आणि कुलपात टाकतात!

मी सरकारी नोकर. चौकशी माझी झाली. टेप माझी आहे. मी मागणार!

एक सणसणीत शिवी ओठावर आली होती, पण ईस्टरपर्यंत शिव्या सोडल्यात. ईस्टरआधीच्या उपासात लोक गोड सोडतात, बिअर सोडतात. मला यंदा हे काय सुचलं देव जाणे.

४ मार्च, बुधवार

त्या दिवसाबद्दल या वहीत आजवर एक ओळ लिहिली नाही. वही उघडायची आणि हवापाण्याचं लिहून मिटायची. आज लिहिते. आज हिंमत आहे.

गेल्याच्या मागचा ऑगस्ट. ट्रॉलरने भोंगा दिला, मी पूल फिरवला. पाण्यावरून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग रस्त्यावरच्याचा — बायूवर, आमच्या या संथ खाडीवर, जन्मलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. ट्रॉलर गेला. पूल परत आणायला बटण दाबलं — मोटर ढिम्म! पुन्हा दाबलं. ढिम्म! आणि तेवढ्यात रस्त्यावर ॲम्ब्युलन्सचे दिवे. आत आल्सीड प्लेझान्स, आणि त्याच्या उशाशी त्याची बायको ओलीटा. माझी ओलीटा. शाळेपासूनची.

मोटर बसली की पूल हाताने फिरवायचा. मधोमध एक भोक आहे, त्यात लांब लोखंडी दांडा घालायचा आणि उसाच्या घाण्याला जुंपल्यासारखं गोल गोल चालायचं. दोन गड्यांचं काम. मी एकटी. चपला सुटल्या, तशीच तापल्या लोखंडावरून चालले. पूल जागेवर लागला. ॲम्ब्युलन्स गेली. हॉस्पिटलातून निरोप आला — आल्सीड गेला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. बटण दाबलं. पूल लोण्यासारखा फिरला!! त्या दिवसापासून माझा मोटरवर विश्वास नाही आणि गावाचा माझ्यावर.

झोपली होती म्हणे. टीव्ही बघत होती म्हणे. अरे, केबिनमध्ये टीव्ही आहे कुठे? आल्सीडचा मुलगा ड्वेन — त्याने तर परगणा डोक्यावर घेतला. मग ग्रँड ज्युरी बसली. गावातलेच बारा जण, बंद खोली, साक्षीदार एकेक आत जाऊन बाहेर येणार, आणि बारा जण ठरवणार की एल्डा शेरामीवर माणूस मारल्याचा खटला भरायचा की नाही. मला बोलावलंच नाही. एके दिवशी दार उघडलं आणि सांगितलं, खटला नाही. का नाही? कोण काय बोललं? ते कोणी सांगायचं नाही. सगळ्यांना शपथ!

गावाने आपलं उत्तर आपण काढलं. तिचा चुलतभाऊ पर्सी कौन्सिलवर आहे, सरकारने सरकारला सोडलं, झालं.

आणि मजा म्हणजे मी का सुटले ते मलाही ठाऊक नाही.

६ मार्च, शुक्रवार

वकीलबाईंकडे जाऊन आले. मिस थेरीओ अगदी तरुण आहेत, पण बोलतात एखाद्या थकलेल्या नर्ससारख्या.

"अर्ज मी देते," म्हणाल्या. "आधी जज्जसाहेब तुम्हाला एकटीला टेप ऐकवणार. नंतर तुम्ही सही केलीत तर ती सगळ्यांसाठी खुली. नाही केलीत तर परत कुलपात, आणि पुन्हा मागता येणार नाही."

"सही आत्ता करते की! पेन द्या."

"आधी ऐका तरी, मिस एल्डा."

"बारा जण आपसात काय बोलले तेही आहे का त्यात?"

"ते टेप होत नाही. फक्त साक्षी. आणि बघा, उघडली तर सगळी उघडते. हवा तेवढा तुकडा कापून नाही मिळत."

"तुकडा कोणाला हवाय? मला सगळीच हवी! साक्षीदारांनी नको म्हटलं तर?"

"त्यांना विचारायचं कायद्यात नाही."

उत्तम! नाहीतर खोटं बोलणारे सगळे नको म्हणाले असते. येताना क्रॉफिश घेतले, गोड्या पाण्यातले छोटे शेवंडे. एकटीसाठी कोण पिशवीभर क्रॉफिश उकडतं? मी! आज मी!

८ मार्च, रविवार

चर्चमध्ये ओलीटा माझ्या पुढच्या बाकावर. मानेवर एक बट नेहमी सुटते तिची, ती आजही सुटली होती. पूर्वी मीच मागून पिनेत खोचायचे. दोन वर्षं तिने मान वळवलेली नाही. रोज माझ्या पुलावरून जाते, नजर सरळ नाकासमोर.

नवरा गेला, पूल माझा. तिला दोष नाही देत. पण एकदा येऊन विचारायचं होतं ना — एल्डे, झोपली होतीस का? एवढंच. मी सांगितलं असतं. तिला पटलं असतं.

ईस्टरच्या सकाळी आम्ही अंडी टकरवायचो. उकडून रंगवलेलं अंडं मुठीत धरायचं, टोकावर टोक मारायचं, ज्याचं फुटेल त्याने आपलं देऊन टाकायचं. सगळं गाव खेळतं. पण ओलीटा लबाड! गिनी कोंबडीचं अंडं आणायची, दगडासारखं टणक, आणि कांद्याच्या सालीत रंगवायची म्हणजे ओळखू येऊ नये. दर वर्षी मी हरायचे, दर वर्षी शिव्या द्यायचे, आणि आल्सीड पोट धरून हसायचा.

तिने टेप ऐकावी. बाकी कोणी नाही ऐकली तरी चालेल. नाही — ऐकावीच सगळ्यांनी!

११ मार्च, बुधवार

लोटीच्या दुकानात ड्वेन भेटला. आमिष घ्यायला आला होता. अर्जाचं त्याला कळलेलं. या गावात शिंकलं की पलीकडच्या काठावर रुमाल काढतात.

"काय मिस एल्डा, टेप मागितली म्हणे तुम्ही?"

शिवी देतानासुद्धा मिस लावेल. आईने वाढवलंय तसं.

"मागितली. का? तुझं काही जातंय?"

"माझं? अहो, मलाच हवी आहे ती! तुमच्या पर्सीने कोणाकोणाच्या कानात काय सांगितलं ते सगळ्यांना कळू दे. पण तुम्ही सही करणार नाही. ऐकाल आणि शेपूट घालाल. लिहून देतो."

"लिहायला येतं तुला?"

दुकानातले हसले. तो लाल झाला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सगळ्यांसमोर सांगा मग. सही करणार?"

"करणार! आणि लायब्ररीच्या हॉलमध्ये मोठ्या आवाजात लावणार. पहिल्या रांगेत बस. आईला पण आण!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या! लोटी तेवढी गल्ल्यामागे वाकून काहीतरी शोधत राहिली.

१२ मार्च, गुरुवार

ड्वेनसाठी सुचलेल्या शिव्या ईस्टरनंतरसाठी राखून ठेवल्यात. आत्ताच बऱ्याच झाल्यात.

१७ मार्च, मंगळवार

आज एकाने बोट उचललं!!

पुलावरून जाताना गाडी चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो — पूलवालीला रामराम. हात नाही हलवायचा, एक बोट फक्त. बापजाद्यांपासूनची पद्धत. त्या ऑगस्टपासून माझ्यासाठी कोणी उचललं नव्हतं. दुसऱ्या पाळीच्या हॅरिससाठी उचलतात, मी त्याच केबिनमध्ये असले की सगळ्यांची बोटं स्टिअरिंगला चिकटलेली.

आज बर्फाच्या ट्रकवाल्याने उचललं. मग शाळेच्या बसवालीने. ज्याला खरंच काही लपवायचंय तो स्वतःहून टेप उघडा म्हणेल का, असं बोलतायत म्हणे. मी केबिनच्या काचा पुसून काढल्या. नीट दिसावं त्यांना!

पर्सीचा फोन. "एल्डा, कशाला उकरतेस? सुटलीस ना?"

"सुटले रे. पण तुझ्यामुळे नाही, हे कळू दे ना लोकांना."

"आणि माझ्यामुळेच असेल तर?" मग स्वतःच हसला. "गंमत केली गं. माझं कोण ऐकतं? माझा कुत्रा ऐकत नाही."

१९ मार्च, गुरुवार

लोटीचं काहीतरी बिनसलंय. लोटी त्या बारांपैकी एक होती. गावातल्या कोणाच्याही पोटातलं लोटीच्या ओठांवर असतं, पण या एका बाबतीत दोन वर्षं तिने ब्र काढला नाही. मला वाटलं होतं कायद्याने तिचीच सुटका झाली, आता आनंदाने उड्या मारेल.

आज दुकानात कोणी नव्हतं. पीठ बांधता बांधता थांबली. "एल्डे, ते टेपचं नको ना काढूस."

"का गं?"

"नको. बस्स. तू सुटलीस ते चांगलं झालं. मी आनंदाने हात वर केला होता, एवढं सांगते, आणि एवढं सांगणंसुद्धा पाप आहे."

"मग मला ऐकू दे ना ते चांगलं!"

"तुझा स्वभाव मला माहीत आहे. ऐकलंस की तुला झोप येणार नाही."

"मला आत्ता येत नाही, लोटी!"

तिने पिठाचे पैसे दोनदा घेतले आणि तिलाही कळलं नाही. मला वाटतं टेपवर तिने काहीतरी अडाणी प्रश्न विचारलेला असणार. तोंड दाखवायला लाजतेय बिचारी! तिला चिडवायला नको.

२२ मार्च, रविवार

ओलीटा बोलली! बोलली म्हणजे — बोलायला आली!

प्रार्थना संपल्यावर पायऱ्यांवर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. हातात हातरुमाल, त्याची नुसती दोरी केलेली.

"एल्डे, ती टेप..."

"हो! तू येशील ना ऐकायला?"

तेवढ्यात ड्वेन आला. "चल ममा, यांच्याशी काय बोलायचं?" तिला दंडाला धरून घेऊन गेला. ती वळून वळून बघत होती.

तिला वाईट वाटतंय! माझ्यावर उगाच राग धरला याचं तिला वाईट वाटतंय, हे मला कळतं. नाक वर करून घरी आले आणि आल्यावर रडले. चांगलं रडले.

२६ मार्च, गुरुवार

ठरलं! मंगळवारी मी एकटी ऐकायची. सही झाली की ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लायब्ररीच्या हॉलमध्ये सगळ्यांना. अग्निशामकवाले दारात कॅटफिश तळून विकणार, त्यांना नवा पंप घ्यायचाय. माझ्या टेपवर यांचा पंप! म्हटलं घ्या, पुण्य लागेल.

निळा ड्रेस काढला. पोटावर बसत नाही. बसवणार.

३० मार्च, सोमवार

उद्या!! उद्या कळणार!!

३१ मार्च, मंगळवार

जज्ज फाल्गू यांच्या खोलीत एक टेबल, एक यंत्र, मिस थेरीओ आणि मी. निळा ड्रेस. जज्जसाहेबांनी बटण दाबलं. आधी पंख्याचा आवाज. खोलीत पंखा चालू असणार, टेपभर घरघर.

आधी मेकॅनिक. मोटर त्याला ठीक दिसली म्हणाला. पण मग म्हणाला, उन्हात अशा मोटरी बसतात आणि गार झाल्या की आपोआप उठतात, त्याने दुसरीकडे पाहिलंय. हे गावात का नाही सांगितलंस, मेल्या? (ही शिवी नाही.)

मग ॲम्ब्युलन्स चालवणारा पोरगा, जो नंतर टेक्ससला गेला. "त्या अनवाणी होत्या, साहेब. दांडा ढकलत गोल फिरत होत्या. मी खिडकीतून ओरडत होतो, जोरात, जोरात! त्या रडत होत्या आणि ढकलत होत्या. मी असतो तर बसलो असतो खाली."

मी तिथेच हुंदका दिला. मिस थेरीओंनी माझा हात धरला. कोणीतरी पाहिलं होतं! दोन वर्षं मला वाटत होतं, की आपलं आपणच बघितलं.

"सही कुठे करू?" म्हटलं.

जज्जसाहेब म्हणाले, "थांबा. अजून एक साक्ष आहे."

ओलीटाचा आवाज! मी खुर्चीत ताठ झाले. जसं ऐकलं तसं लिहिते.

"एल्डाचा काही दोष नाही," ती म्हणाली.

सरकारी वकिलाने विचारलं, "कशावरून म्हणता, मिसेस प्लेझान्स?"

नुसता पंखा. बराच वेळ पंखा.

"आल्सीडचा जीव पुलावर गेला नाही. घरीच गेला. आमच्या पलंगावर."

"कधी?"

"मी फोन केला त्याच्या आधी. फुप्फुसांनी त्याला जीव नकोसा करून सोडला होता. म्हणाला, आता हॉस्पिटल नको, नळ्या नकोत, कोणाला बोलावू नकोस, तू नुसती बस. मी शब्द दिला. हात धरून बसले. तो गेला. मग फोन केला."

"ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगितलं नाहीत?"

"ती पोरं छाती दाबायला लागली होती. जीव तोडून करत होती. मला तोंड उघडवेना, साहेब. मग पूल उघडा दिसला, आणि एल्डा... ती अनवाणी गोल गोल चालत होती, माझ्या मेलेल्या नवऱ्यासाठी. आणि मी आत बसून बघत होते."

"तुमच्या मुलाला माहीत आहे हे?"

"नाही! तो समुद्रात होता, तेलविहिरीच्या फलाटावर. बोलावलं असतं तर उडत आला असता. बापाला हॉस्पिटलात नेलं असतं, नळ्या लावल्या असत्या. त्याला निरोप घ्यायचा होता हो, आणि तो मी घेऊ दिला नाही. तो मला माफ करणार नाही. एल्डाला सोडा, मी हवी ती शपथ घेते. पण ड्वेनला कळू देऊ नका."

"मिसेस प्लेझान्स, हे या खोलीच्या बाहेर जाणार नाही."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि लोटी. माझी बडबडी लोटी. "ओलीटा, पाणी घे गं."

यंत्र बंद झालं. जज्जसाहेब काचेतून बाहेर बघत म्हणाले, "गुरुवारी दुपारपर्यंत सांगा. सही केली नाहीत तर यातलं काही तुम्हीही बाहेर बोलायचं नाही." मिस थेरीओ म्हणाल्या, "आधी ऐका म्हटलं होतं."

घरी आले. ड्रेस काढताना शिवण उसवली.

१ एप्रिल, बुधवार

राग आलाय! खूप राग आलाय!

दोन वर्षं. दोन वर्षं गाव माझ्यावर थुंकतंय आणि तिला ठाऊक होतं! बंद खोलीत मला वाचवलंस, आणि बाहेर? बाहेर तुझा मुलगा मला खुनी म्हणत फिरला आणि तू त्याच्या शेजारी मान खाली घालून चाललीस. मी सही करणार. का नको करू? माझं काय चुकलं? अनवाणी मी चालले!

हे सगळं मी केबिनमध्ये मोठ्याने बोलले. बगळे उडाले.

मग दुपारी ड्वेन आला, गाडी कडेला लावून. मला वाटलं, आला भांडायला. पण तो कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिला.

"ऐकलं म्हणे तुम्ही."

"ऐकलं."

"डॅडीबद्दल काय आहे हो त्यात? शेवटी काही बोलला का तो? ॲम्ब्युलन्सवाल्याने काही सांगितलं? ममा काही बोलतच नाही. विचारलं की उठून आत जाते."

एवढा मोठा माणूस, आणि आवाज पोरासारखा झाला होता.

"बाकी तुम्हाला जे व्हायचं ते होवो, मिस एल्डा. पण मला निरोप घ्यायचा होता. तुमचा पूल वेळेत लागला असता तर हॉस्पिटलात दोन तास मिळाले असते त्याला. मी पोचलो असतो."

भोंगा वाजला, पूल फिरवायला आत गेले. तो निघून गेला. जाताना म्हणाला, "उद्या सही करा. ममालापण आणतो. तिलापण कळू दे."

तिलापण कळू दे!

ती बोलली नसती तर काय झालं असतं, हाच विचार दिवसभर. नुसतं "मला माहीत नाही" म्हणाली असती, तर तिचं गुपित तिच्याजवळ राहिलं असतं आणि मी तुरुंगात. बारा शेजाऱ्यांसमोर बोलली. त्यातल्या निम्म्यांकडून ती मासळी घेते. आणि त्या बारांनी तोंड उघडलं नाही. लोटीनेसुद्धा!

राग गेला नाहीये. पण तिची मानेवरची बट सारखी डोळ्यांसमोर येते.

२ एप्रिल, गुरुवार

सही केली नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर माणसं होती. पर्सी होता. ड्वेन, त्याच्या हाताला ओलीटा. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही, बघितलं असतं तर रडले असते आणि सगळं कळलं असतं.

"उघडत नाहीये," म्हटलं. "विचार बदलला."

आधी कोणालाच समजलं नाही. मग ड्वेन हसला, मोठ्याने. "बघा! म्हटलं होतं की नाही? शेपूट घातलं! काय आहे त्यात, मिस एल्डा? झोपला होतात ना?"

मी काही बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

"बोला ना! दोन वर्षं कांगावा करत होतात, मी नाही, मी नाही!"

"ड्वेन, पुरे," ओलीटा म्हणाली. एवढं हळू, की त्याला ऐकूच गेलं नाही.

पर्सी मला गाडीपर्यंत सोडायला आला. "म्हणजे खरंच झोपली होतीस, एल्डा?" म्हणाला. रागाने नाही, काळजीने. ते जास्त लागलं. संध्याकाळी लोटीने दुकान बंद करून घरी गंबोचा गरम रस्सा आणला, एक शब्द न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. अग्निशामकवाल्यांचा पंप बुडाला. त्यांचंही पाप माझ्याच माथी.

ही पानं फाडायला हवीत. बोलायचं नाही म्हणाले होते जज्जसाहेब, लिहायचं नाही असं म्हणाले नव्हते, पण तरी. उद्या फाडेन.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

एकही बोट उचललं गेलं नाही. बर्फाच्या ट्रकवाल्याचंसुद्धा.

५ एप्रिल, ईस्टर

सकाळची पाळी मीच मागून घेतली. गाड्या चर्चला चाललेल्या, बोटं स्टिअरिंगला चिकटलेली. मग पुलावरून ओलीटा येताना दिसली. गाडीतून नाही, चालत. ड्वेनची गाडी मागून आली, हॉर्न दिला, ती थांबली नाही. सगळ्या गावासमोर माझ्या केबिनमध्ये शिरली आणि दारात उभी राहिली.

"काय ऐकलंस?"

"पंखा," मी म्हटलं. "त्या टेपवर नुसता पंखा आहे गं. दुसरं काही ऐकूच येत नाही."

तिचे ओठ हलत राहिले. माझ्याच्याने बघवेना, म्हणून तिला वळवलं आणि मानेवरची बट पिनेत खोचली. ती तशीच पाठमोरी रडली. मग दोन्ही खिशांतून दोन अंडी काढली, एक माझ्या हातात दिलं, एक स्वतः मुठीत धरलं आणि म्हणाली, "मार."

मारलं. माझं फुटलं. तिच्या अंड्यावर चरासुद्धा नाही — गिनीचं! या वर्षीसुद्धा गिनीचं!

उपास संपलेत. ड्वेनसाठी राखून ठेवलेल्यातली सगळ्यात मोठी शिवी तिला दिली.